रोजची वसुबारस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



कुणाच्या घरी गेलं आणि 'चहा बिनदुधाचा द्या' म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. 'शुगर निघाली का?' शुगरवाल्याचा चहा बिनसाखरेचा असतो, बिनदुधाचा नव्हे, हे सांगेपर्यंत दुसरा प्रश्न येतो, 'ॲसिडिटी आहे का?' तीही नाही म्हटलं की तिसरा, 'मग कुणी गुरू केले का?' या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि मी कुठल्या पंथाला लागलेले नाही. २०१६ च्या दिवाळीपासून मी दूध आणि दुधाचा कोणताही पदार्थ खात नाही. दही, ताक, लोणी, तूप, पेढा, पनीर हे सगळं त्यात आलं. मधही नाही. मांस, मासे, अंडी आमच्या माळकरी घरात नव्हतीच. हे कसं घडलं, त्यात काय सोपं गेलं आणि काय अवघड, हे आज आपल्याशी बोलावं असं ठरवलं आहे.

अशा आहाराला आणि राहणीला 'व्हीगन' म्हणतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी 'व्हीगन सोसायटी' काढली. 'व्हेजिटेरियन' या शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जोडून त्यांनी हा नवा शब्द तयार केला. आपल्याकडे त्याला तोंडात बसेल असा शब्द अजून रुळलेला नाही. 'शुद्ध शाकाहारी' म्हणावं, तर ती पाटी असलेल्या हॉटेलात सगळ्यात आधी पनीरच समोर येतं. पुड्यावरचा हिरवा ठिपकाही दूध, तूप, मध यांना चालतो. २०२२ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि वेगळं हिरवं चिन्हही आलं. पण ते आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फारसं दिसत नाही. आमच्या गल्लीत मला 'बिनदुधाच्या बाई' म्हणतात. मला ते नाव पुरतं.

मी राहते पडेगावला. आमचं शहर म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. छावणी ओलांडून दौलताबादच्या दिशेने निघालं की पडेगाव लागतं, पुढे मिटमिटा. याच रस्त्याने पर्यटक देवगिरीचा किल्ला, खुलताबाद आणि वेरूळला जातात. वेरूळला बौद्ध आणि हिंदू लेण्यांबरोबर जैन लेणीही आहेत. म्हणजे मुंगीचाही जीव जपा असं सांगणाऱ्यांची वाट आमच्या दारावरून जाते. आणि त्याच पडेगावात शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे आणि महापालिकेचा कत्तलखानाही आहे. छावणीत गुरुवारचा बाजार भरतो, त्यात जनावरांची खरेदी-विक्री होते. तिथून निघालेलं जनावर कधी एखाद्या गोठ्यात जातं, कधी आणखी कुठे.

आमच्यासारख्या शाकाहारी घरांमध्ये या कत्तलखान्याविषयी एक ठरलेलं मत असतं. तो त्यांचा, आपला नव्हे. आपण दूध-भाकरी खाणारी माणसं, आपला त्याच्याशी काय संबंध? मी शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. २०१५-१६ च्या शालेय वर्षात 'आपला काय संबंध' या प्रश्नाचं उत्तर मला दोन वेगवेगळ्या माणसांकडून मिळालं.

पहिली एक विद्यार्थिनी. तिच्या घरी म्हशींचा गोठा. वर्गात सस्तन प्राण्यांचा पाठ चालू होता. सस्तन म्हणजे काय, तर जे पिलांना दूध पाजतात ते, एवढं फळ्यावर लिहून झालं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या म्हशीला हल्या झाला होता. तो गेला. मग म्हैस आता कोणाला पाजते?" वर्ग हसला. मी तिला पान्हा कसा सुटतो, त्यात ऑक्सिटोसिन आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचं काम काय, धार काढत राहिलं तर दूध का येत राहतं, हे नीट समजावून सांगितलं. शास्त्राप्रमाणे उत्तर पूर्ण होतं. पोरीचा प्रश्न मात्र संप्रेरकांचा नव्हता. ते दूध कोणासाठी आलं होतं आणि ज्याच्यासाठी आलं तो कुठे गेला, असा तो प्रश्न होता.

दुसरे एका विद्यार्थ्याचे वडील. मांसाच्या व्यवसायातले, कुरेशी समाजाचे. मुलाच्या प्रगतिपुस्तकासाठी शाळेत आले होते. बोलता बोलता व्यवसायाचा विषय निघाला. ते सहज म्हणाले, "मॅडम, दूध देणारं जनावर आमच्याकडे कुणी आणत नाही. दूध थांबलं की आणतात. आणि आणणारे आमच्यातले नसतात. शेतकरी असतात, गोठेवाले असतात." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. धंद्याचा हिशेब ते सांगत होते.

तो हिशेब मी माझ्या विषयाच्या अंगाने मांडून पाहिला. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. गाय साधारण नऊ महिने गाभण राहते, म्हैस दहा महिन्यांहून थोडं जास्त. दूध चालू ठेवायचं, तर ती पुन्हा पुन्हा व्यायला हवी. प्रत्येक वेताला एक वासरू किंवा रेडकू जन्माला येतं आणि निसर्गाच्या नियमाने त्यांतले निम्मे नर असतात. कालवड किंवा वगार असली तर पुढे दूध देईल म्हणून जपतात. नराचं काय करायचं? पूर्वी गोऱ्ह्याचा बैल व्हायचा. आपल्या मराठवाड्याची देवणी आणि लाल कंधारी ही गुरं त्यासाठीच नावाजलेली. आता नांगरट ट्रॅक्टरने होते. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं, त्याच्या मानेवर जू नीट बसत नाही. रेड्याला तर आपल्याकडे शेतीत फारसं काम कधीच नव्हतं.

देशाच्या २०१९ च्या पशुगणनेतला एक आकडा मी नंतर वाचला. देशात म्हैसवर्गीय जनावरं सुमारे ११ कोटी. त्यांत माद्या १० कोटींच्या आसपास आणि नर एक कोटीच्याही आत. जन्माला येताना जवळजवळ बरोबरीने येतात आणि गणनेच्या दिवशी दहा माद्यांमागे एक नर उरतो. बाकीचे कुठे गेले? काही दुधावाचून आणि दुर्लक्षाने पहिल्या काही आठवड्यांत मरतात, काही मांसासाठी जातात. हल्ली फक्त माद्याच जन्माव्यात अशा निवडक वीर्यमात्रा सरकारी योजनेतून मिळू लागल्या आहेत. नराची अडचण किती मोठी आहे, हे त्यावरूनच कळावं.

कायद्याचीही एक बाजू आहे. महाराष्ट्राच्या १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. २०१५ साली ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हैस त्यात नाही. त्यामुळे म्हशीचं दूध थांबलं की तिची वाट मोकळी आहे. गाय-बैलाची वाट कागदावर बंद आहे, पण म्हणून भाकड गाईला आणि थकलेल्या बैलाला चारा कुठून येतो असं नाही. ज्या वर्षी ही बंदी आली, त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. माणसांची ही गत, तर जनावरांची काय असेल? बीड, लातूर, धाराशिवकडे चारा छावण्या उघडल्या होत्या. गावोगाव लोक जनावरं विकायला काढत होते आणि घेणारा नव्हता.

या सगळ्यात कोण दुष्ट आहे, असं शोधायला गेलं तर मला कुणी सापडलं नाही. शेतकरी नाही, गोठेवाला नाही आणि पडेगावला येणारा खाटीकही नाही. प्रत्येक जण साखळीची आपापली कडी ओढतो आहे आणि साखळीचं एक टोक माझ्या चहाच्या कपात आहे. दूध पिणारा आणि मांस खाणारा ही दोन वेगळी माणसं असतील, पण जनावर एकच आहे. त्याचा आधीचा भाग आमच्या वाट्याला येतो, नंतरचा त्यांच्या. हे एकदा समजल्यावर कत्तलखान्याकडे बोट दाखवून दुधाचा चहा पीत बसणं मला जमेना. बोट खाली घ्यायचं किंवा कप खाली ठेवायचा. मी दोन्ही केलं.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर, आपले सहकारी हर्मन कॅलनबाख यांच्याबरोबर दूध सोडलं. त्यामागे संयमाचा विचार होताच, पण दुसरं कारण कलकत्त्याकडच्या गोठ्यांत चालणारा 'फुका' हा क्रूर प्रकार होतं. शेवटचा थेंब निघावा म्हणून जनावराच्या जननमार्गात फुंकर घालायची पद्धत होती ती. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुक्याला शिक्षा सांगितली आहे. पुढे १९८२ मध्ये दूध वाढवण्यासाठी दिली जाणारी इंजेक्शनंही त्याच कलमात आली.

गांधीजींच्या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. खेड्याच्या मोहिमेनंतर ते फार आजारी पडले. मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली आणि दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असं सांगितलं. दूध न घेण्याचं व्रत आहे, असं गांधीजी म्हणाले. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की मग शेळीचं दूध घ्यायला काय हरकत आहे? त्यांनी ते घेतलं. पण व्रताची अक्षरं पाळली, आत्मा मात्र राखला नाही, ही टोचणी त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली. आणि आपल्यामागे ज्यांनी दूध सोडलं, त्यांनी अनुभवी वैद्य-डॉक्टरांचा सल्ला नसेल तर हट्ट धरू नये, असंही बजावलं. एवढा निग्रही माणूस दुसऱ्याच्या तब्येतीवर आपला निग्रह लादत नाही, हे मी त्यातून घेतलं.

आता घरातली गोष्ट. माझं माहेर गंगापूर तालुक्यातलं. दादाकडे दोन म्हशी आणि एक संकरित गाय. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर जातं. मी दूध सोडलं हे माहेरी कळलं, तेव्हा दादा बराच वेळ काही बोलला नाही. जेवणं झाल्यावर ओसरीवर म्हणाला, "कापूस गेला, तूर गेली, त्या साली दुधानं घर चालवलं. पोराची फी दुधातून भरली. आता तू म्हणतीस दूध नको. मग आम्ही काय पाप करतो का गं?"

आठ-दहा वर्षांत मला जेवढे प्रश्न विचारले गेले, त्यांत हाच एक प्रश्न खरा अवघड होता. प्रथिनं कुठून मिळतात, वनस्पतीलाही जीव असतो की नाही, या प्रश्नांना पुस्तकात उत्तरं आहेत. या प्रश्नाला नाहीत.

मी त्याला म्हटलं, "दादा, तुझ्याजागी मी असते तर मीही म्हशीच पाळल्या असत्या. मला महिन्याच्या महिन्याला पगार आहे, उद्या पेन्शन मिळेल. माझं घर दुधावर चालत नाही, म्हणून मला ते सोडता येतं. ज्याला सोडता येतं त्यानं सोडावं, एवढंच माझं म्हणणं आहे."

दादा गप्प राहिला. मग त्यानेच सांगायला सुरुवात केली. गाईला गोऱ्हा होतो तेव्हा घरात कुणी पेढे वाटत नाही. त्याला किती दूध पाजायचं आणि किती केंद्रावर घालायचं, याचा हिशेब रोज पहाटे मनात करावा लागतो. पुढे त्याला नेणारा येतो तेव्हा वहिनी घरात निघून जाते. शाळेत मी जे आकड्यांत मांडत होते, ते तो वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघत होता. जनावरावर माझ्यापेक्षा त्याची माया जास्त आहे, कारण आजारी म्हशीपाशी रात्र काढणारा तो आहे. दादाने म्हशी विकल्या नाहीत. विकाव्यात असं मी कधी सुचवलंही नाही. कापसाचा भाव आणि पावसाचा भरवसा असा असताना शेतकऱ्याला दूध सोड म्हणणं हे पगारी माणसाला शोभत नाही. दुधाऐवजी त्याला रोजचा पैसा देईल असं दुसरं काही उभं राहिलं, तर तो स्वतःच विचार करेल.

ओसरीच्या कडेला आई बसली होती. वय ऐंशीच्या घरात, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यभर वारीची ओढ. तिला माझं हे वागणं जड गेलं होतं. लेक माहेरी येते आणि दहीभात खात नाही, याचं आईला काय वाटत असेल! तिने आमचं बोलणं सगळं ऐकलं आणि दादाला म्हणाली, "अरे, वसुबारसेला आपण गाईचं दूध-तूप खात न्हाईत. त्या दिवसाचं वासराचं असतंय. हिची रोजची वसुबारस म्हणायची. राहू दे तिला."

आश्विन वद्य द्वादशीला, दिवाळीच्या पहिल्या दिवशी, गाय-वासराची पूजा होते. आमच्याकडे बायका त्या दिवशी गाईचं दूध, तूप, ताक घेत नाहीत. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपवास सोडतात. व्हीगन सोसायटी इंग्लंडमध्ये निघण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलं आहे. परदेशी खूळ म्हणून घरात जे अडलं होतं, त्याला आईने एका वाक्यात आपल्या परसात आणून बसवलं. तेव्हापासून माझ्या माहेरी या विषयावर वाद नाही.

आता खाण्यापिण्याचं बोलू, कारण बहुतेकांना तेच हवं असतं. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात बिनदुधाचं इतकं आहे की मोजताना थकायला होतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, शेंगोळे, चकोल्या, सुशीला, कारळ-जवसाच्या चटण्या, थंडीतला हुरडा. यांत दूध कुठे आहे? पुरणपोळीवर तूप असतं, त्याऐवजी कटाची आमटी आणि नारळाचं दूध घातलेली गुळवणी घेतली की पोट आणि मन दोन्ही भरतात. उपवासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी तेलात होते. गरिबाच्या घरचा रोजचा स्वयंपाक तर मुळातच असा आहे. दूध-तुपाची चैन तिथे नव्हतीच.

अडतं ते चहा आणि दह्यापाशी. चहासाठी मी सोयाबीनचं दूध करून पाहिलं. सोयाबीन आमच्या भागात मुबलक पिकतं, पण त्याचा एक उग्र वास येतो. भिजवलेल्या दाण्यांची सालं काढून ते उकळत्या पाण्यात वाटले तर वास बराच कमी होतो. आता मी बहुतेकदा आलं-गवती चहा घालून कोराच पिते. दह्यासाठी शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून दूध काढायचं, ते उकळून कोमट करायचं आणि त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी दही लागलेलं असतं. त्याची कढी आमच्याकडे पाहुणेही मागून घेतात. बाजारात बदामाचं, ओटचं दूध खोक्यात मिळतं, पण ते महाग आहे आणि त्यावाचून काही अडत नाही.

तब्येतीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगते, कारण इथे भावनेवर जाऊन चालत नाही. कॅल्शियमसाठी नाचणी उत्तम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. तीळ, राजगिरा, पालेभाज्या यांतूनही ते मिळतं. पण ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपल्याला प्राणिज पदार्थांतून मिळतं. दूध सोडणाऱ्याने डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे, वर्षातून एकदा रक्त तपासलं पाहिजे. यात कमीपणा नाही. मी घेते. वाढत्या वयाची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अशक्त आणि आजारी माणसं यांनी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही बदलू नये. ज्या घरात मुलाच्या ताटात भाकरीशिवाय एक वाटी दूध एवढंच येतं, तिथे जाऊन हा उपदेश करायला मी कधीच सांगणार नाही. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही.

ताटापलीकडेही काही प्रश्न येतात. आमचा जिल्हा पैठणचा. भाचीच्या लग्नात मला माहेरची पैठणी द्यायचं ठरलं होतं. रेशमाचा किडा आपल्याभोवती जो कोष विणतो, त्याचा धागा सलग शेकडो मीटर लांब असतो. पतंग बाहेर पडला तर तो धागा तुटतो, म्हणून आतल्या किड्यासकट कोष उष्णतेने मारून मग उकळत्या पाण्यात घालून धागा उलगडतात. मराठवाड्यात तुतीची शेती वाढते आहे, जालन्यात कोषांचा बाजार आहे, दुष्काळात कित्येक शेतकऱ्यांना तिने हात दिला आहे. म्हणजे पुन्हा दादाचाच प्रश्न वेगळ्या वेषात. मी वहिनीला म्हटलं, मला सुती साडी द्या. वहिनी म्हणाल्या, "ताई, लोक काय म्हणतील, नणंदेला सुती दिली?" शेवटी त्यांनी मला हातमागाची नारायणपेठी, सुती, निवडून आणली आणि मी ती लग्नात मिरवली. आधीच्या दोन पैठण्या माझ्या कपाटात आहेत. त्या जाळून कुणाचा जीव परत येणार नाही. सासूबाईंची आठवण म्हणून त्या राहतील आणि पुढे सुनेला जातील. तिने नेसायच्या की नाहीत, हे तिचं तिने ठरवावं.

घरातही मी कुणावर सक्ती केलेली नाही. आमच्याकडे यजमानांसाठी अर्धा लिटर दूध येतं. त्यांचा चहा मीच करते. पूर्वी दीड लिटर येत असे. सक्तीने केलेलं व्रत पाठ फिरताच मोडतं, असा माझा बत्तीस वर्षांचा शाळेतला अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगायची आहे. आमच्या शहरात खाण्यावरून माणसं ओळखायची सवय फार जुनी आहे. नान-खलिया खाणारे ते आणि वरण-भात खाणारे आपण. शाकाहार हा कधी कधी शेजाऱ्यापासून अंतर राखण्याचा आधार होतो. दूध सोडल्यावर माझ्यापुरता तो आधार सुटला. कारण ज्या साखळीत मी स्वतः शेवटपर्यंत कडी धरून उभी होते, तिच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला नाव ठेवण्याचं मला काही कारण उरलं नाही. त्या विद्यार्थ्याचे वडील अजूनही बाजारात भेटतात. मी त्यांच्या दुकानात जात नाही, ते माझ्याकडे कोरा चहा पितात. आमचं एकमेकांच्या धंद्यावर आणि खाण्यावर मतभेद आहेत आणि आम्ही ते मोकळेपणाने बोलतो. जनावरावरची माया माणसाविषयीच्या तिरस्काराने वाढत नाही, असं मला वाटतं.

आपल्यापैकी सगळ्यांनी उद्यापासून दूध सोडावं असं मी म्हणत नाही. देशात २०२३-२४ साली जवळजवळ २४ कोटी टन दूध निघालं, लाखो घरं त्यावर चालतात. एका माणसाच्या कपाने त्यात काही फरक पडत नाही, हे मलाही कळतं. पण घरी दूध येतं, तेव्हा एवढं विचारायला हरकत नसावी की या दुधाच्या मालकाचं, म्हणजे वासराचं, काय झालं? गोठेवाल्याला विचारा. तो खरं सांगेल. लग्नकार्यात नासाडी होणारं, देवावर लिटरलिटरने ओतलं जाणारं, सवयीने चौथ्यांदा होणाऱ्या चहात जाणारं दूध आपल्याला कमी करता येईल. ज्यांना त्याहून पुढे जावंसं वाटेल, त्यांनी येत्या वसुबारसेला गाईच्याच नव्हे तर म्हशीच्याही दुधाला त्या दिवशी सुट्टी द्यावी. वर्षातला एक दिवस दूध वासराचं असतं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सांगूनच ठेवलं आहे. तेवढा एक दिवस पाळून पाहा. पुढे किती दिवस पाळायचे, ते ज्याच्या त्याच्या पोटावर आणि मनावर सोडलेलं बरं.